शनिवारचा स्पीकर आणि बाकीचे सहा दिवस

नमस्कार दादा,

आम्ही गंगापूर रोडला फ्लॅटमध्ये राहतो. आई-बाबा पंचवटीत, आमच्या जुन्या घरात. बाबांना गाण्याचं भारी वेड. डोळ्यांमुळे वाचन सुटलं, आता कानांचाच विरंगुळा. तीन वर्षांपूर्वी मी वाय-फाय आणि ब्लूटूथ दोन्ही असलेला, बॅटरीवर चालणारा एक चांगला स्पीकर घेतला. स्वयंपाकघरात त्याच कंपनीचा एक वायरवाला आहे, दोन्ही एकत्र वाजतात. दर शनिवारी बॅटरीवाला पिशवीत घालून मी पंचवटीला नेते. पण तिथे तो वाय-फाय पकडतच नाही. दर वेळी रीसेट करून नव्याने जोडते आणि रविवारी घरी आले की पुन्हा तोच खटाटोप, शिवाय स्वयंपाकघरातल्याशी असलेली जोडी तुटलेली. ब्लूटूथवर लावावं तर मी मागच्या पडवीत गेले की आवाज तुटतो. गेल्या शनिवारी बाबा पलुस्करांचं भजन ऐकत होते आणि ते मध्येच बंद पडलं, कारण घरी लेकाने माझ्याच खात्यावरून त्याची गाणी लावली. बॅटरी चार तासांत संपते, कधी तर पोचेपर्यंतच संपलेली असते. आमचे हे म्हणतात, असाच अजून एक घेऊन टाक, दोन्ही मिळून स्टिरिओ होईल. बाबा म्हणतात, कशाला खर्च, आपला टेपच बरा होता. मी नसते तेव्हा ते काही लावतच नाहीत. काय करू?

— एक लेक, नाशिक

ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं. ‘मी नसते तेव्हा ते काही लावतच नाहीत.’ वाय-फाय, बॅटरी, लेकाची गाणी हे सगळं सुटण्यासारखं आहे, ते कसं सोडवायचं ते पुढे सांगतोच. पण ज्यांचं वाचन सुटलंय ते बाबा आठवड्यातले सहा दिवस शांत घरात बसून असतात, हे आधी सुटायला हवं. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो: पंचवटीच्या घराला स्वतःचा स्पीकर हवा, आणि तो तुमच्या आत्ताच्या स्पीकरसारखा नको.

हे मी अनुभवाने सांगतोय. माझी आई नाशिकरोडला असते. तिला मी हौसेने वाय-फायचा स्पीकर दिला. दिसायला देखणा, वरून गुळगुळीत, हाताला लागेल असं एकही बटण नाही. बोट फिरवलं की आवाज वाढतो, दोनदा टिचकी मारली की गाणं पुढे सरकतं. दोन महिन्यांनी गेलो तेव्हा तो कपाटात होता, धुतलेल्या टॉवेलमध्ये नीट गुंडाळलेला. ‘खराब व्हायला नको म्हणून ठेवला,’ म्हणाली. खरं कारण रात्री जेवताना कळलं. पुसताना हात लागला की तो सुरू व्हायचा, आणि बंद कसा करायचा ते तिला सापडायचं नाही. घरात एकटी असताना त्या आवाजाची तिला धास्ती बसली होती. ती वस्तू निवडताना मी माझ्या हातांचा विचार केला होता, तिच्या हातांचा केला नव्हता. अजून ते मनाला लागतं.

तेव्हा बाबांचं ‘टेपच बरा होता’ हे म्हणणं उडवून लावू नका. टेपमध्ये काय होतं? एक जाड बटण, ते दाबलं की गाणं सुरू. बंद केलं तर उद्या तिथूनच पुढे. मध्ये फोन नाही, खातं नाही, पासवर्ड नाही. आज याच्या सगळ्यात जवळ जाणारी वस्तू म्हणजे पेन ड्राइव्ह आणि एफएम असलेला साधा ब्लूटूथ स्पीकर. एम. जी. रोडवर किंवा कुठल्याही मोबाइलच्या दुकानात मिळेल, आणि तुमच्या आत्ताच्या स्पीकरपेक्षा बराच स्वस्त असेल. दुकानात उभं राहून दोन गोष्टी करून बघा. डोळे मिटा आणि बोटांनी बटणं चाचपा. चालू-बंद, आवाज वाढवणे, कमी करणे ही तीन बटणं न बघता वेगवेगळी कळली पाहिजेत. मग पेन ड्राइव्ह लावून गाणं अर्ध्यात असताना स्पीकर बंद करा आणि पुन्हा चालू करा. काही स्पीकर तिथूनच पुढे वाजवतात, काही पहिल्या गाण्यापासून सुरू होतात. पहिल्या प्रकारचा घ्या. नाहीतर बाबांना रोज तीच दोन भजनं ऐकावी लागतील.

पेन ड्राइव्ह भरण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथेच बरेच जण अडकतात. १६ जीबीचा पुष्कळ झाला. साध्या एमपी३ला, म्हणजे १२८ केबीपीएसच्या, मिनिटाला साधारण एक एमबी लागतो, म्हणजे १६ जीबीत अडीचशे तासांहून जास्त गाणं मावतं. ३२ जीबीपर्यंतचे पेन ड्राइव्ह बहुधा फॅट३२ या पद्धतीने तयार केलेले येतात आणि ते साध्या स्पीकरला वाचता येतात. त्याहून मोठे घेतले तर अनेकदा वाचता येत नाहीत आणि मग आपल्याला वाटतं स्पीकरच बिघडला. दुसरी गंमत अशी की स्वस्तातले बरेच स्पीकर गाणी नावाच्या क्रमाने वाजवत नाहीत, ज्या क्रमाने तुम्ही ती पेन ड्राइव्हवर टाकली त्या क्रमाने वाजवतात. म्हणून सगळी एकदम न टाकता हव्या त्या क्रमाने एकेक करून टाका. सकाळची भूपाळी आणि भजनं आधी, मग कीर्तन, मग दुपारची नाट्यगीतं, असा बाबांचा दिवस लावून द्या. घरात जुन्या कॅसेट असतील आणि टेप अजून चालत असेल, तर टेपच्या हेडफोनच्या भोकातून कॉम्प्युटरला वायर जोडून त्या उतरवता येतात. ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर त्यासाठी पुरेसं आहे. ९० मिनिटांच्या कॅसेटला ९० मिनिटंच लागतात, त्यात घाई करता येत नाही. पण हे काम तुमच्या लेकाला सांगा. सुट्टीत दोन-तीन कॅसेट आजोबांच्या शेजारी बसून उतरवल्या, तर कुठल्या गाण्यामागे कुठली आठवण आहे तेही त्याला कळेल.

एफएमवर आकाशवाणीचं नाशिक केंद्र लावून द्या. एवढंच लक्षात ठेवा की अशा बऱ्याच स्पीकरमध्ये चार्जिंगची वायरच एरियलचं काम करते, म्हणून खरखर आली तर वायर लावून बघायची.

आता ‘असाच अजून एक घेऊ, स्टिरिओ होईल’ याबद्दल. तुमच्या घरातल्यांचा हेतू चांगला आहे, पण बाबांच्या कानांना त्याचा उपयोग नाही. द. वि. पलुस्कर १९५५ साली गेले, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी. त्यांची ध्वनिमुद्रणं मोनो आहेत, म्हणजे डाव्या आणि उजव्या बाजूला एकच आवाज. दोन स्पीकर लावले तरी दोन्हींतून तेच येणार. त्या काळातलं गाणं ऐकायला एक चांगला स्पीकर पुरतो, तो माणसाजवळ असला म्हणजे झालं. (पंचवटीत राहून पलुस्कर ऐकणं हेही किती छान आहे! त्यांच्या वडिलांचा, विष्णु दिगंबरांचा, रामनाम आधार आश्रम नाशिकचाच.) आणि पुढे कधी जोडी करायची झालीच, तर दोन्ही स्पीकर एकाच मॉडेलचे घ्या. एका कंपनीचे आहेत म्हणून जुळतीलच असं नसतं. जेबीएल कंपनीच्या जुन्या स्पीकरमध्ये जोडी करायची पार्टीबूस्ट नावाची पद्धत आहे, नव्यांत ऑराकास्ट नावाची, आणि ते दोन्ही एकमेकांशी जुळत नाहीत.

आवाजाबद्दल अजून एक, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. वय झालं की आधी कमी होतात ते वरच्या पट्टीतले आवाज. ‘स’, ‘श’, ‘त’ असे व्यंजनांचे कोपरे झिजतात. सूर ऐकू येतो, पण शब्द कळत नाहीत. मग माणूस आवाज वाढवतो, आवाज वाढला की खर्ज घुमतो आणि शब्द आणखी बुडतात. म्हणून स्पीकर कपाटावर किंवा कोपऱ्यात ठेवू नका, कोपऱ्यात खर्ज जास्त घुमतो. बाबांच्या खुर्चीशेजारी, कानाच्या उंचीला, हात दोन हातांवर ठेवा. ॲपमध्ये किंवा स्पीकरवर बास-ट्रेबलची, म्हणजे खर्ज आणि वरची पट्टी कमी-जास्त करायची, सोय असेल तर बास कमी करा, ट्रेबल थोडा वाढवा. तुम्हाला तो आवाज जरा पत्र्यासारखा वाटेल. बाबांना मात्र कीर्तनातला शब्द न् शब्द कळेल, आणि निर्णय त्यांच्या कानांनी करायचा आहे.

आता तुमचा शनिवारचा स्पीकर. तो नेणं बंद करा असं मी म्हणणार नाही. तुम्ही दोघं बसून एकत्र ऐकता, ते चालूच राहू दे. फक्त दर वेळी रीसेट करणं आजपासून बंद. रीसेट म्हणजे त्याची पाटी कोरी करणं. घरचं वाय-फाय, स्वयंपाकघरातल्या स्पीकरशी नातं, सगळं पुसलं जातं.

काय होतंय ते समजून घ्या. वाय-फायवर असताना स्पीकर गाणं स्वतः इंटरनेटवरून आणतो, तुमचा फोन नुसता रिमोट असतो. म्हणून फोन आला तरी गाणं थांबत नाही, तुम्ही दुसऱ्या खोलीत गेलात तरी थांबत नाही. पण त्यासाठी त्याला त्या घराचं वाय-फाय माहीत असावं लागतं. ब्लूटूथवर उलटं असतं. गाणं फोन पाठवतो, स्पीकर नुसता वाजवतो. हा पल्ला मोकळ्या जागेत साधारण दहा मीटर. जुन्या घराच्या जाड भिंती, लोखंडी कपाट, स्टीलची मांडणी मध्ये आली की तो निम्म्यावर येतो. तुम्ही फोन कमरेला खोचून पडवीत जाता, आणि गाणंही तुमच्याबरोबर पडवीत निघतं. ब्लूटूथवर ऐकताना फोन बाबांजवळ ठेवून जा, एवढंच.

वाय-फायसाठी आधी स्पीकरच्या ॲपमध्ये बघा. बॅटरीवर चालणारे बरेच वाय-फाय स्पीकर एकापेक्षा जास्त नेटवर्क लक्षात ठेवतात. पंचवटीत बसून, रीसेट न करता, ‘नेटवर्क जोडा’ अशा अर्थाचा पर्याय शोधा. तो सापडला तर प्रश्न तिथेच मिटला.

नाही सापडला तर एक जुना उपाय आहे, आणि तो मला मनापासून आवडतो: दोन्ही घरांच्या वाय-फायला एकच नाव आणि एकच पासवर्ड द्या. स्पीकर नाव आणि पासवर्ड बघतो, घर बघत नाही. गंगापूर रोडला जे नाव आहे तेच पंचवटीत मिळालं की तो आपल्याच घरी आल्यासारखा जोडला जातो. बदल पंचवटीच्या राउटरमध्ये करा, कारण तिथे जोडलेल्या वस्तू कमी आहेत. तुमच्या फ्लॅटमध्ये बदललं तर टीव्हीपासून लेकाच्या लॅपटॉपपर्यंत सगळं पुन्हा जोडत बसावं लागेल. नाव अक्षराला अक्षर सारखं हवं, इंग्रजीतलं मोठं-लहान अक्षर आणि मधली मोकळी जागासुद्धा. सुरक्षेचा प्रकारही दोन्हीकडे एकच ठेवा, बहुतेक राउटरमध्ये तो डब्ल्यूपीए२ असतो. राउटरचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा चालू आहे ना ते बघा. जाड भिंतींतून तोच बऱ्यापैकी पोचतो, ५ गिगाहर्ट्झचा लवकर थकतो. ‘गेस्ट’ नावाच्या नेटवर्कवर मात्र स्पीकर जोडू नका, तिथे फोनला स्पीकर दिसत नाही. हे सगळं स्वतः करायचं नसेल तर इंटरनेटची लाइन टाकणाऱ्या माणसाला बोलवा, त्याचं दहा मिनिटांचं काम आहे.

पंचवटीत असताना ॲपमध्ये स्वयंपाकघरातला स्पीकर ‘सापडत नाही’ असं दिसेल. ते बरोबरच आहे, तो नदीपलीकडे आहे. घाबरून त्याला यादीतून काढू नका. रविवारी घरी आल्यावर मिनिट-दोन मिनिटांत दोघं एकमेकांना ओळखतील. आणि पंचवटीत कधी त्याच कंपनीचा वायरवाला स्पीकर कायमचा बसवायचा मोह झाला तर आधी चौकशी करा. सोनोससारख्या कंपनीच्या व्यवस्थेत एक स्पीकर एका वेळी एकाच घराच्या गटात राहतो. मग दुसऱ्या घरी तो ब्लूटूथवरच वापरायचा.

लेकाने भजन बंद पाडलं त्यात त्याचा दोष नाही. एकट्यासाठीचं खातं एका वेळी एकाच ठिकाणी वाजतं. त्याने घरी सुरू केलं की पंचवटीत थांबणारच. त्याला त्याचं वेगळं खातं काढून द्या. तुम्ही एकाच पत्त्यावर राहता, त्यामुळे घरातल्या सगळ्यांसाठीची फॅमिली योजना घेता येईल. पण अशा योजनेत बहुधा एकाच पत्त्यावर राहणारेच धरतात. म्हणजे पंचवटीचे बाबा त्यात धरता येणार नाहीत. त्यांना त्याची गरजही नाही, त्यांच्या खिशात पेन ड्राइव्ह असेल.

बॅटरीचं दुखणं दोन कारणांचं आहे. पोचेपर्यंत संपते ती वेगळ्या कारणाने: वाय-फायचा स्पीकर गाणं थांबवलं तरी झोपत नाही, डुलकी घेत असतो. पिशवीत घातला की वाटभर नेटवर्क शोधत राहतो. निघण्याआधी बटण दाबून धरून तो पूर्ण बंद करा, दिवे विझले का ते बघा. आणि एकूणच चार तासांवर आली ते वयामुळे आणि उन्हामुळे. लिथियमची बॅटरी तीन वर्षांत झिजते, आणि तिला सगळ्यात जास्त खाते ती उष्णता. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीच्या आसपास असतो, आणि उन्हात उभ्या बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त तापतं. पूल ओलांडून भाजी घेऊन मग घरी, असा तुमचा रस्ता असेल तर त्या दिवशी स्पीकर गाडीत ठेवू नका, पिशवी हातात घ्या. घरी तो चोवीस तास चार्जिंगवर असतो का? काही कंपन्यांच्या ॲपमध्ये बॅटरी पूर्ण न भरता थोडी कमी ठेवायची सोय असते, ती चालू करा. पंचवटीत एक चार्जर कायमचा ठेवून द्या. तिथे तो बहुतेक वेळ प्लगजवळच असणार, त्यामुळे चार तास पुरतील. स्पीकर फुगल्यासारखा दिसला, शिवण उलू लागली, तर मात्र चार्जिंग तिथेच थांबवा आणि सर्व्हिस सेंटरला न्या.

रात्रीचं विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण जुन्या घरांच्या भिंती शेजाऱ्यांशी एक असतात. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांप्रमाणे रात्र म्हणजे दहा ते सहा, आणि वस्तीच्या भागाची रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. बाबांना झोप येत नसेल तेव्हा स्पीकर लाकडी पेटीवर नको, पोकळ लाकूड खर्ज वाढवतं. खाली सतरंजीची जाड घडी घाला आणि उशीजवळ ठेवा, हळू लावला तरी त्यांना पुरेल.

येत्या शनिवारी जाताना टिकल्यांचं पाकीट पर्समध्ये टाका, ती उठावाची मोठी टिकली असते ना, तसल्या. नव्या स्पीकरच्या चालू-बंदच्या बटणावर एक लावा, आवाज वाढवायच्या बटणावर दोन, कमी करायचं कोरं राहू दे. त्यावर पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा लावा, म्हणजे घामाने सुटणार नाहीत. मग बाबांचं बोट धरून एकदा फिरवा आणि आईलाही शेजारी बसवा. त्यानंतर तुम्ही हात मागे घ्या. त्यांना स्वतः चालू करू दे, आवाज कमी करू दे, बंद करू दे. चुकले तरी तुम्ही बटण दाबायचं नाही, तोंडाने सांगायचं. असं तीनदा झालं की स्वयंपाकघरात चहा टाकायला जा आणि आतून ऐका.